दोष कोणाचा?

शिक्षकाच्या हातून घडलेल्या चुका शाळेच्या वार्षिकांत सहसा छापल्या जात नाहींत. परंतु एका चुकीनें मला माझ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं नवा धडा शिकविला. तो आपल्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावा असें मनांत आल्यावरून हा लेख लिहीत आहें. ज्या मुलाची ही हकीकत आहे, त्याची व त्याच्या आईवडिलांची परवानगी मीं घेतली आहे.

दोन वर्षांपूर्वीं हा मुलगा माझ्या आठवीच्या वर्गांत होता. अंगानें लहानखुरा, चेहऱ्यानें फिकट, बोलण्यांत मवाळ. साधारण दर तीन आठवड्यांनीं तो एक दिवस गैरहजर राही, आणि त्याच्या आधींचे दोन-तीन दिवस बाकावर डोकें टेंकून बसे. मीं त्याला आळशी ठरविलें. एकदां व्याकरणाच्या तासाला त्याचे डोळे मिटलेले पाहून मीं त्याला सर्व वर्गादेखत उभें केलें आणि म्हणालों, "काय रे, रात्रीं झोंप होत नाहीं, कीं अभ्यासाचा कंटाळा आला आहे?" मुलें हंसलीं. तो कांहींच बोलला नाहीं. तास संपेपर्यंत भिंतीला हात टेंकून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशीं त्याची आई मला भेटावयास आली. तिच्या आवाजांत राग नव्हता. "सर, त्याला थॅलेसेमिया आहे. तान्हा असल्यापासून त्याला दर तीन आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें. तें कमी होत आलें म्हणजे त्याच्यानें उभें राहवत नाहीं. मुलें चिडवतील म्हणून शाळेंत सांगूं नको, असें त्यानेंच मला बजावलें होतें." मग थोडा वेळ थांबून, खालीं पाहत ती म्हणाली, "घरचीं माणसें म्हणतात, माझ्याच रक्तांत दोष होता."

मीं तिची क्षमा मागितली, आणि मुलाचीहि मागितली. अपमान वर्गासमोर केला होता. पण क्षमा वर्गासमोर मागितली असती तर त्याचें गुपित फुटलें असतें. ती एकांतांत मागावी लागली, आणि म्हणून ती आजवर मला अपुरीच वाटत आली आहे. त्या माउलीच्या शेवटच्या वाक्याला मात्र माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मी भाषेचा शिक्षक. तरी उत्तर शोधण्यासाठीं वाचूं लागलों, आणि त्या वाचनांत मला डॉक्टर डेव्हिड वेदरॉल भेटले.

वेदरॉल यांचा जन्म १९३३ सालीं इंग्लंडांतील लिव्हरपूल येथें झाला. वैद्यकीची पदवी मिळाल्यावर त्या वेळच्या कायद्याप्रमाणें त्यांना सैन्यांत नोकरी करावी लागली, व त्यांची रवानगी सिंगापूरच्या लष्करी रुग्णालयांत झाली. बालरोगांचा फारसा अनुभव नसतां त्यांच्याकडे मुलांचा विभाग सोंपविण्यांत आला. तेथें एका गुरखा शिपायाची लहान मुलगी होती. तिचें रक्त सारखें आटत असे. बाहेरून रक्त द्यावें, ती टवटवीत व्हावी, आणि कांहीं आठवड्यांनीं पुन्हां पांढरीफटक पडावी, असा क्रम चालला होता. कारण कोणालाच उमगत नव्हतें. रक्त देत राहण्यानें डॉक्टरांचें कर्तव्य पुरें झालें असतें; परंतु "असें कां होतें?" हा प्रश्न या तरुण डॉक्टराला स्वस्थ बसूं देईना.

थॅलेसेमिया हा रोग अमेरिकेंतील डेट्रॉइट येथील डॉक्टर कूली यांनीं १९२५ सालीं प्रथम वर्णिला होता. तो भूमध्य समुद्राच्या कांठच्या लोकांचा रोग, अशी समजूत होती. त्याचें नांवहि समुद्रवाचक ग्रीक शब्दावरून पडलेलें. हिमालयाच्या कुशींतील कुटुंबांत तो असेल असें कोणाच्या ध्यानींमनीं येणार? वेदरॉल यांनीं सिंगापुरांतील एका रसायनवेत्त्याच्या साह्यानें त्या मुलीचें व तिच्या आईबापांचें रक्त तपासलें, आणि तोच रोग निघाला. १९६० सालीं ही हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलांत प्रसिद्ध झाली. परवानगीवांचून ती छापल्याबद्दल लष्करांतील वरिष्ठांची नाराजी मात्र त्यांच्या वांट्याला आली.

त्या एका मुलीनें त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नांवाचें द्रव्य असतें. प्राणवायु वाहून नेणें हें त्याचें काम. तें अल्फा व बीटा या दोन प्रकारच्या साखळ्यांच्या जोडीनें बनतें. १९६५ सालीं वेदरॉल व त्यांचे सहकारी जॉन क्लेग यांनीं या साखळ्या वेगळ्या करून मोजण्याची रीत काढली. बीटा थॅलेसेमियांत बीटा साखळ्या पुरेशा तयार होत नाहींत, आणि जोडीवांचून उरलेल्या अल्फा साखळ्या सांकळून पेशीचाच नाश करितात, असें दिसून आलें. जोडींतील एक बैल खालीं बसला आणि दुसरा ओढीतच राहिला म्हणजे गाडीच मोडते, तसें हें आहे.

पुढें ते ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक झाले. १९८९ सालीं त्यांनीं तेथें जी संशोधनसंस्था स्थापिली, तिला २००० सालीं त्यांचेंच नांव देण्यांत आलें. वंशपरंपरेनें येणाऱ्या रक्तविकारांबरोबर ल्युकेमियासारख्या रक्ताच्या कर्करोगांचाहि तेथें अभ्यास चालतो. १९४९ सालीं हॉल्डेन या शास्त्रज्ञांनीं असा तर्क मांडला होता कीं, ज्यांच्या अंगीं या रोगाचें अर्धेंच बीज असतें त्यांना हिंवतापापासून थोडें संरक्षण मिळत असावें. या तर्काला बळकटी देणाऱ्या संशोधनांतहि वेदरॉल यांचा वांटा होता. २०१८ सालीं ते निवर्तले.

आतां त्या माउलीच्या प्रश्नाचें उत्तर. हा रोग मुलाला होण्यास आई व बाप या दोघांकडूनहि सदोष जनुक यावें लागतें. एकट्या आईकडून आल्यानें तो होत नाहीं. असें एकच सदोष जनुक ज्याच्यापाशीं असतें, तो वाहक. तो बहुधा निरोगी असतो, व त्याला त्याची कल्पनाहि नसते. दोन वाहकांच्या पोटीं येणाऱ्या प्रत्येक मुलास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. ज्या बीजानें हिंवतापाच्या प्रदेशांत कोणा पूर्वजाचे प्राण वांचविले असतील, तेंच दोन्हीकडून एकत्र आलें तर मुलाला असें जड जातें. जन्मांधाला पाहून, पाप कोणाचें, असा प्रश्न प्रभूच्या शिष्यांनाहि पडला होता. प्रभूनें तो दोष कोणाच्याहि माथीं मारला नाहीं.

हें सर्व मीं एका कागदावर लिहून त्या मुलाच्या आईवडिलांना दिलें. वडिलांनीं तो दोनदां वाचला. "म्हणजे अर्धें माझ्याकडून," एवढेंच ते म्हणाले, आणि कागद खिशांत ठेविला. तो त्यांनीं घरांतील वडीलधाऱ्यांनाहि वाचून दाखविला, असें मला मागाहून कळलें.

पालकांस माझी विनंति आहे कीं, मुलांचे विवाह ठरविण्यापूर्वीं त्यांचें रक्त या रोगासाठीं तपासून घ्यावें. तपासणी साधी आहे. आपल्या देशांत असे वाहक पुष्कळ आहेत, व कोणतीहि जात अगर धर्म त्यांतून सुटलेला नाहीं. आणि विद्यार्थिमित्रांनो, वयाचीं अठरा वर्षें पुरीं होतांच तुम्हांस रक्तदान करितां येईल. मज्जारोपणानें हा रोग बरा होऊं शकतो, आणि जनुकांतच फेरबदल करणाऱ्या एका उपचाराला ब्रिटनमध्यें २०२३ सालीं मान्यता मिळाली. परंतु हे उपाय फार थोड्यांच्या आटोक्यांतले आहेत. बाकीच्यांचें आयुष्य आजहि अनोळखी माणसांच्या रक्तावरच चालतें. मीहि गेल्या वर्षीं पहिल्यानेंच रक्तपेढींत जाऊन आलों. इतकीं वर्षें कां गेलों नाहीं, याचें समर्थन मला करितां येत नाहीं.

तो मुलगा आतां दहावींत आहे. रक्त घेऊन आलेल्या दिवशीं त्याच्या गालांवर तांबूस छटा असते, आणि व्याकरणाच्या तासाला तो सर्वांच्या आधीं हात वर करितो. वर्गांत दुसरें एखादें मूल डोकें टेंकून बसलेलें दिसलें, तर मी आतां जवळ जाऊन हळूच विचारतों, "बाळ, काय होतें आहे?"