शंभर, शंभर, ऐंशी

माझी सारी नोकरी रेल्वेच्या तिकीटखिडकीत गेली. त्यामुळे गाड्यांच्या मेळाइतके कौतुक मला दुसऱ्या कशाचेच वाटत नाही. आमच्या वरठीच्या स्टेशनाचे नाव भंडारा रोड. खुद्द भंडारा येथून दहा-बारा किलोमीटर दूर! उतरलेल्या नवख्या माणसाला ‘बाबा रे, गाव अजून यायचे आहे’ असे मी किती वेळा सांगितले असेल, त्याची गणती नाही. निवृत्त झालो तरी सवय सुटलेली नाही. हावड्याकडची गाडी धडधडत गेली, की हात आपोआप घड्याळाकडे जातो.

या पावसाळ्यात माझा नातू एक जुनाट संगणक काखोटीला मारून माझ्याकडे राहायला आला. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत त्याचे गुण कमी पडले होते. वरठीला शांतता आहे, तेथे अभ्यास होईल, असे त्याच्या वडिलांचे म्हणणे. शांतता होतीच, पण सायंकाळी सहा वाजले की खोलीतून हाणामारीचे आवाज सुरू होत. पंधरा दिवस मी ते सोसले. सोळाव्या दिवशी विचारले, “ही कसली रे मारामारी?”

“मारामारी नाही, आबाजी. गणित आहे.”

गणित म्हटल्यावर मी खुर्ची ओढून बसलो.

खेळाचे नाव ‘स्ट्रीट फायटर ४’. २००८ सालचा, म्हणजे पोरांच्या हिशेबी म्हातारा. पण आमच्या संगणकाला त्याहून नवा खेळ पेलवत नाही. समोरच्याला ठोसा लागला की तो क्षणभर सुन्न होतो. तेवढ्यात आपला हात मागे येऊन पुन्हा सुटला, तर दुसरा ठोसा त्याला अडवताच येत नाही. मग तिसरा, मग चौथा. या साखळीला म्हणतात कॉम्बो. सेकंदाचे साठ भाग केले, तर काही ठोसे जोडायला त्यातला एकच भाग मिळतो! म्हणजे ही गाड्यांची जोडच झाली. पहिली गाडी फलाटाला लागेपर्यंत दुसरी सुटता कामा नये. फरक इतकाच, की येथे स्टेशनमास्तरला दया येत नाही.

गंमत अशी, की हा प्रकार मुळात कुणी योजलेला नव्हता. १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीत ‘स्ट्रीट फायटर २’ तयार होत होता. त्यात मध्येच एक मोटार ठोकून मोडायची असते. तो भाग तपासताना नोरिताका फुनामिझू या गृहस्थांच्या लक्षात आले, की वेळ अचूक साधली तर मध्ये जादा ठोसे घुसवता येतात. हे कुणाला सहसा साधणार नाही, असे वाटून त्यांनी ती चूक तशीच राहू दिली. आता जगभरची पोरे त्या चुकीवर रात्री जागवतात.

पण साखळी लांबली की नुकसान वाढतच जाते, असे नाही. खेळ बनवणाऱ्यांनी एक कात्री लावून ठेवली आहे. पहिला ठोसा शंभर टक्के लागतो, दुसरा शंभर, तिसरा ऐंशी, चौथा सत्तर, पाचवा साठ. शंभराचे पाच ठोसे मारले तर पाचशे नव्हे, चारशे दहा पदरात पडतात. मी पेन्सिल घेतली. तीस, तीस आणि शेवटी शंभर या क्रमाने मारले, तर बेरीज १४०. तेच शंभर आधी आणि तिसा-तिसाचे दोन मागून, तर १५४. मोठा ठोसा पहिल्यांदा घालावा, हे नातवाला ठाऊक होते. मला कागदावर पटले, एवढेच.

“आणि त्याच्यावरही एक युक्ती आहे,” तो म्हणाला. “साखळी मध्येच मुद्दाम तोडायची. समोरच्याला वाटतं, संपलं. तो जरा उभा राहतो ना राहतो, तोच पुन्हा सुरुवात करायची. मोजणी परत शंभरापासून. याला रीसेट म्हणतात.”

इतक्यात त्याच्या वडिलांचा फोन आला. रोज रात्री नऊला येतो. प्रथम ‘जेवलास का?’, मग ‘आज किती तास झाले?’, मग शेजारच्या कुणाच्या मुलाची निवड. पुढे पुढे नातू नुसता ‘हं’ म्हणे. फोन ठेवून तो पडद्याकडे वळला आणि सहज म्हणाला, “पप्पांना रीसेट कुणी शिकवला कोण जाणे!”

कुणी शिकवला, ते मला ठाऊक होते.

१९९१ सालीच माझा मुलगा दहावीला होता. गणितात तो कसाबसा पास झाला. तिकीट देणाऱ्याचा मुलगा आणि बेरीज येत नाही, म्हणून मी त्याला बोललो. एका दमात बोललो असतो, तर चौथ्या-पाचव्या वाक्याला तो बधिर झाला असता. पण मी थांबत असे. चार दिवस गोड बोलायचे, त्याच्या चेहऱ्यावर हसू आले की पुन्हा काढायचे. तोवर तो रोज दुपारी माझा डबा घेऊन खिडकीवर येत असे आणि गाड्यांच्या पाट्या मोठ्याने वाचत असे. त्या पावसाळ्यानंतर डबा हमालाच्या हाती येऊ लागला. मी कारण विचारले नाही.

दसऱ्याच्या आसपास इतवारीतल्या एका मित्राच्या घरी आठ पोरांनी सामने मांडले. मीही गेलो, म्हाताऱ्याला कोपऱ्यात खुर्ची मिळाली. उपांत्य फेरीत समोरच्याचा जीव थोडा उरला होता. छोट्या, हमखास साखळीने तो संपला नसता. लांबलचक साखळीने संपला असता. नातवाने लांबची घेतली. मधल्या एका ठोशाला हात साठांश सेकंद मागे पडला. पुढच्या दहा सेकंदांत सामना गेला.

परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत होता. माझ्याजवळ चार वाक्ये तयार होती, चारही चांगली. मी पिशवीतला डबा काढला. चकल्या किंचित मऊ पडल्या होत्या. कामठी जाईपर्यंत आम्ही त्या संपवल्या.

घरी पोहोचून पाय धुतो न धुतो, तोच नऊ वाजले. फोन मी उचलला.

“कुठे आहे तो?”

“जेवायला बसलाय.”

“हरला ना?”

“हरला. पण मला तुझ्याशी बोलायचंय. जुनं आहे. तुझ्या दहावीच्या वेळचं.”

पलीकडून बराच वेळ काही आले नाही. बाहेरून एक मालगाडी गेली. तिचे सगळे डबे जाईपर्यंत मी थांबलो.

“बोला, बाबा,” तो म्हणाला.