दोघांच्या भांडणात सुटलेला तिसरा

(पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. फुटबॉल आवडत नसला तरी वाचा. विषय फक्त फुटबॉलचा नाही.)

परवा आमच्या बी.पी.एड.च्या जुन्या ग्रुपवर एका मित्रानं 'सायपॅन' या नव्या सिनेमाचा ट्रेलर टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, "कीन की मॅकार्थी?" झालं. एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छांशिवाय ज्या ग्रुपवर काही हलत नाही, तिथं अर्ध्या तासात पन्नासेक मेसेज पडले. पन्नाशीकडं झुकलेली माणसं, निम्म्यांचे गुडघे गेलेत, पण भांडण २००२ सालचंच आणि तावही तोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

२००२ चा वर्ल्ड कप जपान आणि दक्षिण कोरियात होता. आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळं फुटबॉल आमच्याकडं टीव्हीवर बघायचा खेळ नाही, तो पेठेपेठेत आणि तालमीतालमीत आहे. सामने आपल्याकडं भर दुपारी आणि संध्याकाळी दिसायचे. पेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागले होते. मी मात्र आयर्लंडचा, आणि त्याचं कारण एकच, रॉय कीन. मँचेस्टर युनायटेडचा कॅप्टन आणि आयर्लंडचाही. कॉर्क शहरातल्या साध्या घरातून आलेला, मैदानावर कुणाचीही भीडभाड न ठेवणारा. पात्रता फेरीत आयर्लंडच्या गटात पोर्तुगाल आणि हॉलंड होते. १ सप्टेंबर २००१ ला डब्लिनमध्ये आयर्लंडनं हॉलंडला १-० नं हरवलं आणि हॉलंड वर्ल्ड कपला मुकलं. गोल मॅकअटीरचा होता, पण तो सामना ज्यांनी बघितला त्यांना कीनच आठवतो.

मॅनेजर होता मिक मॅकार्थी. फुटबॉलमधला मॅनेजर म्हणजे आपल्या भाषेत मुख्य प्रशिक्षक, संघ निवडणाराही तोच. इंग्लंडमधल्या बार्न्सलीत जन्मलेला, वडील आयरिश. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये तो स्वतः आयर्लंडचा कॅप्टन होता. म्हणजे दोघंही कॅप्टन, दोघंही कष्टानं वर आलेले आणि दोघंही हट्टी. त्यांचं आधीपासूनच फारसं जमत नव्हतं.

वर्ल्ड कपच्या आधी संघ हवामानाची सवय व्हावी म्हणून सायपॅनला गेला. पॅसिफिक महासागरातलं छोटंसं बेट, अमेरिकेच्या ताब्यातलं. तिथं पोचल्यावर कळलं की सरावाचं सामान आलेलंच नाही. चेंडूसुद्धा मागं राहिलेले. मैदान दगडासारखं टणक. वर्ल्ड कप दोन आठवड्यांवर आणि ही तयारी. कीन आधीच दुखापतींनी बेजार होता. दरवर्षी युनायटेडमध्ये सगळं वेळच्या वेळी मिळायची त्याला सवय. त्याचं डोकं फिरलं. पुढं एका सराव सामन्यात गोलकीपर उतरले नाहीत, त्यावरून गोलकीपरांचे प्रशिक्षक पॅकी बॉनर यांच्याशी त्याची बाचाबाची झाली. तो घरी निघाला. मग मन बदललं, थांबला.

पण मधल्या वेळात त्यानं मुलाखत दिली होती. २३ मे २००२ ला ती 'आयरिश टाइम्स'मध्ये छापून आली. तयारी, प्रवास, संघटनेचा कारभार, सगळ्यावर त्यानं सडकून टीका केली होती.

त्याच दिवशी संध्याकाळी मॅकार्थीनं हॉटेलात सगळ्या संघाला एकत्र बसवलं आणि सर्वांसमोर कीनला जाब विचारला. त्यात इराणविरुद्धच्या परतीच्या सामन्याचा विषय निघाला. तो सामना कीन दुखापतीमुळं खेळला नव्हता. "तू दुखण्याचं ढोंग केलंस," असा त्याचा अर्थ कीननं घेतला. आणि मग तो सुटला. दहा-एक मिनिटं तो मॅकार्थीला जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. खेळाडू म्हणून तू काय होतास, प्रशिक्षक म्हणून काय आहेस, इथपर्यंत. खोलीतलं कुणी काही बोललं नाही. मॅकार्थीनं त्याला घरी पाठवलं.

पुढचे काही दिवस आयर्लंडमध्ये दुसरा विषय नव्हता. घराघरात दोन तट पडले. पंतप्रधान बर्टी अहर्न यांनीसुद्धा मध्यस्थीची तयारी दाखवली. कीन मँचेस्टरमध्ये आपल्या कुत्र्याला घेऊन फिरत होता आणि मागं फोटोग्राफरांची रांग. तो परत गेला नाही. बदली खेळाडू घ्यायची मुदत संपली होती, त्यामुळं आयर्लंड २३ ऐवजी २२ खेळाडूंनी वर्ल्ड कप खेळलं. आणि वाईट खेळलं का? अजिबात नाही. कॅमेरूनशी १-१, जर्मनीशी शेवटच्या क्षणी रॉबी कीनच्या गोलनं १-१, सौदी अरेबियावर ३-०. बाद फेरीत स्पेनकडून पेनल्टींवर हरले.

त्या वेळी होस्टेलच्या मेसमध्ये मी कीनच्या बाजूनं ताटावरून उठून भांडलोय. माझं म्हणणं सोपं होतं. तो बोलला ते खरं होतं की नाही? मग त्याला का काढलं? समोरचा मित्र (ट्रेलर टाकणारा तोच) म्हणायचा, "खरं असलं म्हणून चारचौघांत माणसाची आई-बहीण काढायची का?" आमचं कधी मिटलं नाही.

आज मला वाटतं, आम्ही दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडत होतो.

सायपॅनमध्ये चेंडू कुणामुळं पोचले नाहीत? ते पाठवायचं काम कीनचं नव्हतं आणि खरं तर मॅकार्थीचंही नव्हतं. ते आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेचं होतं. त्या खोलीत एक माणूस चांगली सोय मागत होता आणि दुसरा जी आहे त्या सोयीत संघ सांभाळत होता. ज्यांच्यामुळं ही वेळ आली त्यांना जाब विचारायला त्या खोलीत कुणी बोलावलंच नव्हतं. वर्ल्ड कपनंतर संघटनेनंच जेनेसिस नावाच्या सल्लागार कंपनीकडून अहवाल करून घेतला. तो नोव्हेंबर २००२ मध्ये आला. नियोजन आणि तयारी यात संघटना कमी पडली, असं त्यात स्पष्ट होतं. संघटनेचे सरचिटणीस पायउतार झाले. त्याच महिन्यात, सलग दोन पराभवांनंतर, मॅकार्थीनंही राजीनामा दिला.

म्हणजे कीनची तक्रार खरी ठरली. पण कधी? वर्ल्ड कप होऊन गेल्यावर. आणि आज लोकांच्या लक्षात काय आहे? कीन आणि मॅकार्थी. त्या सरचिटणीसांचं नाव आमच्या ग्रुपवर एकालाही सांगता आलं नाही. सिनेमाही दोघांचाच आहे.

आपल्याकडं म्हण आहे, दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. आपण समजतो की लाभ म्हणजे तिसरा काहीतरी घेऊन जातो. तसं दरवेळी नसतं. बऱ्याचदा तिसऱ्याचा लाभ एवढाच असतो की त्याला कुणी काही विचारत नाही. एसटी मध्येच बंद पडली की प्रवासी कंडक्टरवर ओरडतात. सरकारी दवाखान्यात औषध नसलं की नातेवाईक शिकाऊ डॉक्टरच्या अंगावर जातात. दोघंही तापतात, व्हिडिओ निघतो, आपण बाजू घेतो. गाडी दुरुस्त का झाली नाही, औषध का आलं नाही, हे ज्याला विचारायचं तो संध्याकाळी घरी जाऊन तोच व्हिडिओ बघतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. आता जे सांगणार आहे ते ग्रुपवर सांगायला जमलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी क्रीडाशिक्षक झालो. बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेचा फुटबॉल संघ घेऊन बाहेरगावी स्पर्धेला गेलो होतो. कुठली स्पर्धा, कुणी भरवली, नाव घेत नाही. सोळा पोरं, एसटीचा रात्रीचा प्रवास. मुक्काम एका शाळेच्या वर्गात, बाकं बाजूला सारून. टाकीत पाणी नाही. मैदान मुरमाचं, पडलं की कातडं सोलून निघणार. दुपारी दोनला सामना आणि जेवण आलं तीनला.

मी काय केलं? जे सगळे सर करतात तेच. "चला रे, ॲडजस्ट करा, आपण खेळायला आलोय, लग्नाला नाही." पोरं हसली. आमचा कॅप्टन हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सामन्याआधी पाहुण्यांशी ओळख करून द्यायचा कार्यक्रम. पाहुण्यांनी ओळीत हात मिळवत मिळवत आमच्या कॅप्टनला विचारलं, "काय, सोय चांगली आहे ना?" असं विचारल्यावर "हो साहेब" म्हणायचं असतं. पोरगं म्हणालं, "नाही साहेब. काल सकाळपासून पाणी नाही. पोरं उपाशी खेळली."

पाहुणे गोरेमोरे झाले. आयोजकांपैकी एकानं मला मंडपामागं नेऊन झापलं. "तुमच्या पोराला आवरा. पुढच्या वेळी एन्ट्री घेताना विचार करावा लागेल." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. एक शब्द उलट बोललो नाही.

आणि तो सगळा राग मी त्या पोरावर काढला. रात्री वर्गात सगळ्या संघाला बसवलं आणि सर्वांसमोर त्याला उभं केलं. "शाळेची इज्जत घालवलीस," वगैरे झालं. तो म्हणाला, "सर, मी खोटं काय बोललो ते सांगा." मला उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणूस नको ते बोलतो. मी म्हणालो, "तुझ्या घरी काय चोवीस तास नळ आहे का रे?"

त्याचे वडील गवंडीकाम करायचे. घरी नळ नव्हता, हे मला माहीत होतं. सगळ्या पोरांनाही माहीत होतं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही त्यांना का नाही बोलला, सर? आमच्यावरच कसा आवाज निघतो तुमचा?" कीनसारखी शिवी नाही, काही नाही. पण मला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. सकाळी मी एका सहकाऱ्याबरोबर त्याला एसटीत बसवून घरी पाठवलं. स्टाँटनसारखा दुसरा कॅप्टन केला. पुढचा सामना आम्ही जिंकलोसुद्धा. तेव्हा मला वाटलं, बघा, शिस्त लागते. त्याच्या पुढचा हरलो.

ते पोरगं परत मैदानावर आलं नाही. दहावीनंतर शाळेतूनही गेलं. डावा पाय असा होता की शाहू स्टेडियमवर लोकांनी नाव घेतलं असतं. होस्टेलमध्ये कीनसाठी ताट सोडून उठणारा मी, माझ्या हाताखाली कीन आला तेव्हा त्याला ओळखू शकलो नाही. मंडपामागं मी जे गिळलं, ते त्याच्यावर ओकलो, एवढीच माझी शिस्त.

मला आज मॅकार्थीचा राग येत नाही. त्याच्यावरही वरून दडपण असणारच, संघ फुटेल अशी भीती असणारच. सर्वांसमोर तसं बोलून घेतल्यावर कुठलाही प्रशिक्षक त्या खेळाडूला ठेवू शकला नसता. कीनचं बोलणं बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही. तक्रार खरी असली तरी माणसाच्या अंगावर जाणं हे खरं बोलणं नव्हे. (घरच्या नळावर जाणंही नव्हे.) पण सगळ्या संघासमोर जाब विचारण्याऐवजी मॅकार्थी त्याच्या खोलीत गेला असता, दार लावून म्हणाला असता, "सामान आलं नाही हे मलाही खुपतंय, चल दोघं मिळून संघटनेला विचारू," तर? कदाचित काही फरक पडला नसता. पण जाब योग्य माणसाला विचारला गेला असता.

गंमत म्हणजे त्या पत्रकार परिषदेत मॅकार्थीच्या शेजारी बसलेला नायल क्विन पुढं संडरलंड क्लबचा अध्यक्ष झाला आणि २००६ मध्ये त्यानं मॅनेजर म्हणून कुणाला आणलं, तर रॉय कीनला. कीननं पहिल्याच मोसमात संघ प्रीमियर लीगमध्ये नेला. माणसं पुन्हा एकत्र काम करू शकतात. वेळ आणि मोठेपणा लागतो.

माझ्या कॅप्टनची आणि माझी दोन वर्षांपूर्वी गाठ पडली. तो आता फरशी बसवायची कामं घेतो, हाताखाली चार माणसं आहेत. शेजाऱ्यांच्या घरी काम चालू होतं, मला बघून उठला, हात पुसून पाया पडायला वाकला. मी मध्येच धरला. म्हणालो, "चूक माझी होती रे." तो हसला. म्हणाला, "जाऊ दे ओ सर, लई वर्षं झाली." मग थोडं थांबून त्यानं विचारलं, "त्या शाळेत पाणी आलं का हो नंतर?"

नव्हतं आलं. त्यानंतर दोन वर्षं मी संघ घेऊन तिथंच गेलो होतो. टाकी तशीच होती. आणि मी कुणाला काही विचारलं नव्हतं.

म्हणून मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर ग्रुपवर न देता इथं देतो. कीन की मॅकार्थी, हे आता मला विचारू नकोस. चेंडू कुणी पाठवायचे होते, ते विचार.