अण्णांची येझदी

मुलांनो, तुमच्या घरी अशी एखादी वस्तू आहे का, जी बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण कुणी ती भंगारात घालू देत नाही? आमच्या घरी होती. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची मोटारसायकल. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पुन्हा चालू झाली, त्याची ही गोष्ट. ती सांगताना मला माझी एक चूकही सांगावी लागणार आहे. मी चौथीच्या वर्गाला शिकवतो. ‘नेहमी खरे बोलावे’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, त्याची गणतीच नाही. म्हणून तर सांगायला जरा जड जातंय.

आमचं गाव पाली. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं, की बिंदुसरा तलावाजवळ आमचं गाव लागतं. पुढे घाट सुरू होतो. अण्णांच्या चार म्हशी होत्या. पहाटे धारा काढायच्या, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायचे आणि येझदीवरून बीडला रतीब घालायचा, हा त्यांचा रोजचा नेम. ‘डुग-डुग-डुग’ असा तिचा आवाज वेशीपाशी आला, की आई चहाचं आधण ठेवायची.

ही गाडी मूळची आपल्याकडची नाही बरं का! चेकोस्लोव्हाकिया देशात, प्राग शहरात यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली मोटारसायकली बनवायला घेतल्या. त्यासाठी वाँडरर या जर्मन कंपनीची मदत घेतली. दोघांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून गाडीचं नाव पडलं ‘जावा’. १९६१ साली ती आपल्या म्हैसूरला बनू लागली आणि पुढे तिचं नाव ‘येझदी’ झालं. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. पण गंमत बघा, तिचा किक मारायचा दांडा पुढे वळवला, की तोच गिअरचा दांडा होतो! सिलिंडर एक, पण धूर सोडायच्या नळ्या दोन. अशी ही गाडी.

आता माझी चूक. २००३ सालचा मे महिना. दहावीची परीक्षा होऊन गेली होती. अण्णा लग्नाला गेले होते आणि गाडी घरी होती. मी पंधरा वर्षांचा. लायसन नाही, तरी मित्राला मागे बसवून कपिलधारला निघालो. गावाबाहेर पेट्रोल संपलं. एका टपरीवर बाटलीतून पेट्रोल मिळायचं. एक लिटर घेतलं, टाकीत ओतलं आणि घाट चढू लागलो. मधेच गाडीचा आवाज बदलला, किर्र झालं आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं. आम्ही पडता पडता वाचलो.

काय झालं होतं? नीट समजून घ्या. येझदीचं इंजिन ‘टू-स्ट्रोक’. आजकालच्या मोटारसायकलींत इंजिनाच्या तळाशी वेगळं तेल भरलेलं असतं, ते आतले भाग ओले ठेवतं. टू-स्ट्रोकला तशी सोय नसते. त्यात पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं असतं, एका लिटरला चाळीस-पन्नास मिलिलिटर. पेट्रोलच्या वाफेबरोबर ते तेल आत जातं आणि पिस्टनला वंगण देतं. बैलगाडीच्या कण्याला वंगण नसेल तर चाक कसं करकरतं? इथे तर पिस्टन एका मिनिटात हजारो वेळा खालीवर होतो. मी तेल टाकलंच नव्हतं! पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरमध्ये चिकटून बसला. यालाच मिस्त्री लोक ‘इंजिन जाम झालं’ म्हणतात.

तासाभराने इंजिन थंड झालं, तशी किक हलली. आम्ही ढकलत ढकलत गाडी घरी आणली, पुसून जागेवर लावली. मी कुणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा दूध घेऊन निघाले. गाडी कशीबशी चालू झाली, पण बीडच्या अलीकडे पुन्हा जाम झाली. अण्णा पडले, कोपर सोललं, चाळीस लिटर दूध रस्त्यावर सांडलं. महिन्यापूर्वीच त्यांनी बीडच्या मिस्त्रींकडून इंजिनाचं काम करून घेतलं होतं. या मिस्त्रींना आम्ही चाचा म्हणायचो. अण्णांची आणि त्यांची जुनी दोस्ती. दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा, ईदला तिकडून शीरखुर्मा यायचा. पण त्या दिवशी अण्णा भर चौकात त्यांना म्हणाले, “पैसे घेतले आन् बोर आवळ ठिवला. असलं काम करतेत व्हय?”

चाचा म्हणाले, “आधी इंजिन खोलू द्या, मग बोला.”

अण्णांनी हात लावू दिला नाही. मी शेजारी उभा होतो. सगळं ऐकत होतो. तोंड उघडलं नाही.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. दुसऱ्यांदा इंजिन करायला पैसे नव्हते. अण्णा दोन वर्षं सायकलवरून दूध घालत होते. त्याच दुधावर माझं डी.एड. झालं. येझदी गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहिली.

गेल्या वर्षी भंगारवाला आला, तेव्हा अण्णा पहिल्यांदाच म्हणाले, “देऊन टाक. आता कोण चालवतंय!” माझ्या पोटात कालवलं. मी म्हणालो, “थांबा अण्णा, मी बघतो.”

सुट्टी लागली, तसं छपरातच काम मांडलं. वर्गातली चार-पाच पोरं रोज बघायला यायची. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि रॉकेल ओतलं, कारण आत गंज धरला होता. आठ दिवस रोज थोडं थोडं ओतत राहिलो. नवव्या दिवशी किक बोटभर हलली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग हेड उतरवलं. सिलिंडर लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकत वर ओढला. काढलेला एकेक नट-बोल्ट पोरांनी काड्यापेट्यांत घालून त्यावर नंबर टाकले. पिस्टन हातात आला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते, जणू मांजराने नखं मारली असावीत.

एका मुलीने विचारलं, “गुरुजी, हे कुणी खराब केलं?”

मी म्हणालो, “चला, ऊन झालं, घरी जा.” पण त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पिस्टन फडक्यात बांधून बीडला चाचांकडे गेलो. ते आता थकलेत. गॅरेज पोरगा बघतो. त्यांनी चष्मा लावला, पिस्टन उन्हात धरून गोल फिरवला. मग पिस्टन आणि दांडा जोडणारी पिन नखाने खरवडून बघितली.

“बोर आवळ असता, तर चार कोपऱ्यांत घासला असता,” ते म्हणाले. “ह्यो सगळीकडून घासलाय. आन् पिन बघ, निळी पडलीया. ह्यो कोरडा जळलाय. तेलाचा थेंब नव्हता.”

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. टपरी, बाटली, घाट, सगळं.

चाचा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, “बावीस वर्षं मी त्या बोरचं माप मनात पुन्हा पुन्हा घेत व्हतो. वाटायचं, माझाच हात चुकला. त्याच्यानंतर येझदीचं इंजिन हातात घ्यायचंच सोडलं.”

मुलांनो, मला वाटायचं, माझ्या गप्प बसण्याने फक्त एक गाडी बंद पडली. एका कारागिराचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मी म्हणालो, “चाचा, घरी चला. आपण मिळून इंजिन बांधू.”

“मला सांगितलंस, आता त्येंना सांग,” ते म्हणाले. “मग बघू.”

संध्याकाळी अण्णा धार काढत होते. तिथंच उकिडवा बसून मी सांगितलं. अण्णांचा हात थांबला नाही. बादली भरली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तू तवा चौकात हुतास की!” आणि उठून गेले. रात्री ते नीट जेवले नाहीत.

सकाळी बघतो तर अण्णा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तयार. हातात दुधाची बरणी. आम्ही बीडला गेलो. चाचा दारातच बसले होते. अण्णा म्हणाले, “मिस्त्री, म्या चुकलो.”

चाचांनी बरणी हातातून घेतली आणि आत हाक मारली, “चहा टाका. घरचं दूध आलंय!”

पुढचे पंधरा दिवस चाचा आमच्या छपरात खाटेवर बसून काम सांगत होते. मूळ सिलिंडरची रुंदी पासष्ट मिलिमीटर. आधीच्या कामात ती साडेपासष्ट झाली होती. आता बीडला लेथवर सहासष्ट केली आणि त्या मापाचा पिस्टन जुन्या बाजारातून शोधून आणला. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये जागा ठेवायची केसाच्या जाडीएवढी. चाचांनी ती तीनदा मोजली. नव्या रिंगा घातल्या, बेअरिंग आणि ऑइल सील बदलले, पॅकिंग कात्रीने कापून बसवलं.

शेवटी पेट्रोल आणलं. मी टाकीचं झाकण उघडलं. अण्णांनी तेलाचं मापटं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “तूच टाक. मिस्त्री, बघा बरं का नीट!”

दोघेही हसले. मी चाळीस मिली तेल मोजून पेट्रोलात मिसळलं. सातव्या किकला निळा धूर निघाला आणि छपरात ‘डुग-डुग-डुग’ सुरू झालं. आईने आतून विचारलं, “चहा ठेवू का?”

गाडीच्या कागदपत्रांचं काम अजून बाकी आहे. तोवर ती अंगणातच चालते. आणि हो, शाळा उघडल्यावर त्या मुलीला मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. सगळ्या वर्गासमोर.