विहाराचा संगणक आणि दडलेला दाखला

वर्षावास जवळ आला म्हणजे आमच्या वाडीत विहार झाडून-पुसून घेण्याची पद्धत आहे. रत्नागिरीच्या पावसात पुस्तकांना बुरशी धरते, म्हणून कपाटे आधी उघडतात. यंदा संगणकाचीही पाळी आली. मुंबई मंडळाने दिलेले हे यंत्र मुलांच्या हाती असते. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, सगळे बॅनर त्यावरच कोरलड्रॉमध्ये तयार होतात. पण आताशा एक फाईल उघडेपर्यंत चहा पिऊन होई, आणि जागा संपल्याची तक्रार रोजचीच.

आत पाहिले तर 'बॅनर' या फोल्डरात 'जयंती', त्यात 'जुने', त्यात 'जुने नवीन', त्यात 'फायनल' आणि त्याच्याही पोटात 'फायनल फायनल'. बहुतेक फायलींशेजारी तिची सावली बसलेली. नाव तेच, फक्त पुढे 'बॅकअप ऑफ' जोडलेले. मुलांना वाटले, व्हायरस शिरला. तसे काही नव्हते. फाईल पुन्हा सेव्ह केली की तिची आधीची प्रत कोरलड्रॉ आपणहून त्याच फोल्डरात ठेवतो. नवी बिघडली तर जुनी हाताशी असावी, एवढाच हेतू.

एकेक फोल्डर उघडत बसलो असतो तर आश्विन पौर्णिमा उजाडली असती. मंडळातली बी.कॉम. करणारी मुलगी मदतीला आली. तिने सर्वांत वरचा 'बॅनर' फोल्डर उघडून उजव्या कोपऱ्यातल्या 'सर्च'च्या चौकटीत 'बॅकअप ऑफ' हे शब्द फायलींवर होते तसेच इंग्रजीत टाकले. यंत्र आतल्या सगळ्या फोल्डरांत शिरले आणि यादी समोर आली. ६१२ फायली! आम्ही म्हणालो, "सगळ्या निवड आणि टाक उडवून."

"काका, थांबा. आधी साइजप्रमाणे लावून बघू."

यादीच्या माथ्यावरच एक चमत्कारिक जोडी निघाली. मूळ फाईल २ एमबीची आणि तिची बॅकअप ३८ एमबीची. मूळ उघडली, तर क्रिकेट सामन्याचा साधा बॅनर. बॅकअप उघडली आणि आम्ही गप्पच झालो. शाळेच्या जनरल रजिस्टरचा जुना उतारा होता तो, शिक्क्यासकट स्कॅन केलेला.

हळूहळू उलगडा झाला. आमच्या वाडीतले एक कुटुंब चिपळूणला राहते. आजोबांच्या उताऱ्याची प्रत काढायला ते पूर्वी इथे आले होते. पुढे कोणा मुलाने तीच फाईल उघडली, कागद पुसला, बॅनर केला आणि सेव्ह केला. आणखी एकदा सेव्ह केला असता तर बॅकअपमध्येही बॅनरच उरला असता. मूळ कागद तर २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरात गेला. आपल्या मुलांना जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. त्या घरचा नातू पुराव्यावाचून अडला होता, आणि आजोबांचे नाव कोणत्या साली शाळेत घातले हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

अर्धवट, खाडाखोडीची कागदपत्रे म्हणजे रद्दी असे धरले असते, तर १९८७ साली शासनाने काढलेला बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', आपल्या हाती आलाच नसता. हे आम्हाला आठवले, पण सगळे उडवायला सांगून झाल्यावर!

मग तीन संध्याकाळी बसून जिथे दोन्हींच्या साइजमध्ये फार फरक, ती प्रत्येक जोडी उघडून पाहिली. बाकीच्या साध्या डिलीटने काढल्या. शिफ्ट दाबून डिलीट करायचे नाही, असे मुलीने बजावले होते. साध्या डिलीटने फाईल रिसायकल बिनमध्ये जाते आणि 'रिस्टोअर' म्हटले की कितीही खोल फोल्डर असो, आपल्या जागी परतते. पेन ड्राइव्हवरून काढलेली मात्र बिनमध्ये जात नाही. बिन रिकामे करेपर्यंत जागा सुटत नाही, म्हणून मुलांची घाई चालली होती. आम्ही पंधरा दिवस थांबवले. बॅकअप ठेवण्याची सोयच बंद करू, असेही ते म्हणाले. ती चालूच ठेवली आहे.

उताऱ्याची छापील प्रत एस.टी.ने चिपळूणला पाठवली. रजिस्टर नंबर स्पष्ट वाचता येत होता. तो घेऊन मुलाचे वडील शाळेत गेले आणि आठवड्याने नवा उतारा हाती आला. विहारातल्या फाईलचे नाव मुलीने बदलले आहे. आता त्यावर आजोबांचे नाव आहे.