एकच भिंग

अजिंठ्याला जायचे ठरले आणि घरात कॅमेऱ्याच्या भिंगाचा प्रश्न निघाला. दुकानदाराने ७०-३०० मि.मी.चे लांबलचक नळकांडे पुढे केले. "लांबचे अगदी जवळ दिसेल, साहेब!" पण लेण्यात लांबचे असते काय? सगळे नाकासमोर, आणि तेही अंधारात!

आमच्या आईचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. तिने बजावून ठेवले, "मला निजलेला बुद्ध डोक्यापासून पायापर्यंत दाखव. तुकडे नकोत." २६ व्या लेण्यातली ही महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे ७ मीटर लांब, आणि समोरची वाट अरुंद. जुन्या फिल्मच्या मापाचा सेन्सर असेल तर ३५ मि.मी.च्या भिंगात ती मावायला जवळजवळ तितकेच मीटर मागे सरावे लागते, २४ मि.मी.ला पावणेपाच पुरतात. पाठीशी खांब उभे असताना हा हिशेब सोडून कसे चालेल?

पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची अडचण निराळी. तिथे फ्लॅशला बंदी आहे, आणि ती असावीच. दीड हजार वर्षे टिकलेले रंग आपल्या हौसेपायी का विटवायचे? तेव्हा भिंगाचे तोंड मोठे हवे. एफ ४ पेक्षा एफ १.८ मधून जवळजवळ पाचपट उजेड आत येतो. (आकडा लहान तेवढे तोंड मोठे, हा उलटा व्यवहार आमच्या सौ.ना अजून पटलेला नाही.)

शेवटी २४ मि.मी., एफ १.८ घेतले. एकच. डबा, पाण्याच्या बाटल्या आणि धाकट्याची टोपी मलाच सांभाळायची आहे. आई मात्र रोज विचारते, "कधी निघताय?"