यंत्रमानवाचा कोपर

प्राध्यापकाच्या टेबलावर काय असावें, याविषयीं लोकांच्या कांहीं ठाम समजुती असतात. तपासावयाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, दोनचार जाड ग्रंथ, चष्म्याचें घर आणि थंड झालेला चहा, एवढें त्यांना चालतें. त्यामुळें परवां आमच्या दादरच्या घरीं आलेल्या एका सहकारी मित्रांनीं टेबलावर प्लास्टिकचा सुटा हात, शिर नसलेलें धड आणि शेजारीं एक जुनी कानस पाहिली, तेव्हां त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटला तो तोंडी परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मुद्रेवरहि आम्हीं कधीं पाहिला नव्हता. "नातवाचं का?" त्यांनीं विचारलें. आम्हांस नातू नाहीं. "आमचंच," असें उत्तर देऊन आम्ही चहाची वाट पाहूं लागलों.

ती वस्तु म्हणजे सुटे भाग जुळवून उभा करावयाचा यंत्रमानव. प्रकार मूळ जपानचा. १९७९ सालीं तेथील दूरचित्रवाणीवर योशियुकी तोमिनो यांनीं दिग्दर्शित केलेली 'गंडम' नांवाची चित्रमालिका सुरू झाली. तींतला मुख्य यंत्रमानव अठरा मीटर उंच. एक पोरसवदा मुलगा त्याच्या पोटांत बसून त्याला चालवितो. मालिका पहिल्या खेपेस फारशी चालली नाहीं. ठरलेल्या ५२ भागांऐवजीं ४३ भागांतच ती आटोपती घ्यावी लागली. पुढें तिचें पुनःप्रक्षेपण झालें, आणि जुलै १९८० मध्यें बांदाई कंपनीनें त्या यंत्रमानवाची १:१४४ प्रमाणाची प्रतिकृति ३०० येनांस विकावयास काढली. मग मात्र जपानी मुलांनीं दुकानांपुढें रांगा लावल्या. अठरा मीटरांचा तो राक्षस टेबलावर साडेबारा सेंटिमीटरांचा होतो. आमच्या हातीं पडला तो हाच. आणि तो पडला लालबागच्या एका चाळींतल्या खोलींत, ज्या सालीं त्या खोलींत तेलमिठाचीहि विवंचना होती त्या सालीं.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या सुमारें अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. आमचे वडील गिरणींत फिटर होते. पहिले कांहीं आठवडे चाळींत सुटीचाच भास होई. पुरुषमंडळी दिवसा घरांत दिसण्याची संवय आम्हां मुलांना नव्हती. होळीनंतर पत्त्यांचे डाव मोडले. एकेक बिऱ्हाड कोंकणांत गांवीं जाऊं लागलें. ज्या भोंग्यावर आईची चूल पेटे तो वाजेनासा झाला. वडील मात्र संवयीनें पहाटे उठत आणि, डबा न्यावयाचा नसल्यामुळें, गॅलरींत नुसते उभे राहत. अशांत मे महिन्यांत आमचे मामा आले. ते मालवाहू बोटीवर खलाशी होते. त्यांनीं आईच्या हातीं कांहीं नोटा ठेविल्या आणि आमच्या हातीं एक पुठ्ठ्याची पेटी.

पेटींत पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटी होत्या, आणि कैऱ्या देंठाला लटकाव्या तसे यंत्रमानवाचे अवयव त्या चौकटींना लटकलेले होते. सोबतचा कागद सबंध जपानींत. आम्ही त्या वेळीं अकरा वर्षांचे, वर्गांत पहिले, आणि नुकतीच इंग्रजी लिपि आल्यामुळें जगांतलें सर्व छापील वाङ्मय आपणांस वाचतां येतें अशा समजुतींत वावरणारे. तो कागद उलटासुलटा करून आम्ही रडकुंडीस आलों. वडिलांचें शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनीं कागद जमिनीवर पसरला आणि म्हणाले, "ह्यांत वाचायचं काय आहे? आकडा बघ, बाण बघ. हा भाग ह्यांत जातो." यंत्रांचीं रेखाचित्रें पाहून वीस वर्षें माग दुरुस्त केलेल्या माणसाला तो कागद मराठींतच लिहिलेला होता.

भाग चौकटींतून सोडविण्याचीहि त्यांची एक रीत होती. आम्ही हिसका देऊन तोडीत असूं. त्यामुळें कधीं भागाचा लचका निघे, कधीं त्यावर गांठ राही. ते लांबून कापीत, ज्वारीच्या दाण्याएवढा देंठ राखीत, आणि मग तो कानशीनें हळूहळू घाशीत. सरसाची नळी मामांच्या सामानांत दबून फुटली होती. आम्हीं डिंक लाविला; तो सुकला आणि पाय गळून पडला. तेव्हां वडिलांनीं नाक्यावरच्या रंगाऱ्याकडून शाईच्या दौतींत थोडा थिनर आणला, रिकाम्या चौकटीचे बारीक तुकडे करून त्यांत टाकले आणि दौत रात्रभर फळीवर ठेविली. सकाळीं त्याचा दाट पांढरा लेप झाला होता. हा लेप लाविला म्हणजे दोन्ही भागांचे पृष्ठभाग विरघळतात, थिनर उडून जातो आणि दोहोंचा एकच भाग होतो. मग ते सुटे करावयाचे तर मोडावेच लागतात. "हे चिकटवणं नव्हे, सांधणं," वडील म्हणाले. रसायनशास्त्रापैकीं एवढेंच आमच्यापाशीं अजून शिल्लक आहे.

डाव्या कोपराची खुंटी मात्र आम्हीं आमच्याच धसमुसळेपणानें मोडली. पाऊस नुकताच लागला होता, आणि वडील शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या छत्र्या दुरुस्त करूं लागले होते. त्यांनीं एका निकामी छत्रीची काडी कापून घेतली, स्टोव्हवर तापविली आणि कोपरांत आरपार घातली. प्लास्टिक तेवढ्यापुरतें वितळलें, काडी बसली, आणि हात पूर्वीपेक्षां सफाईनें वळूं लागला. आम्हांस त्याचा आनंद झाला नाहीं. पांढऱ्या देहांतून ती काळी काडी दोन्ही बाजूंनीं डोकावत होती. मित्र पाहतील आणि विचारतील, ही धास्ती. आम्हीं त्याच रंगाऱ्याच्या डब्यांतला पांढरा ऑइलपेंट आणून तिच्या टोकांना फांसला. वडिलांनीं तें पाहिलें. कांहीं बोलले नाहींत.

श्रावणांत ते लालबाग नाक्याच्या फुटपाथवर पत्र्याची पेटी मांडून बसूं लागले. एकदां शाळेंतून परततांना आमच्यासंगें वर्गांतले दोन मित्र होते. एक डॉक्टरांचा मुलगा, दुसरा वकिलांचा. पाऊस होता. वडिलांनीं मान वर केली. आम्हीं मान फिरविली, आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानें वाचीत रस्ता ओलांडला. रात्रीं जेवतांना त्यांनीं एवढेंच विचारलें, "छत्री नव्हती का आज? भिजलास."

तो संप कोणीं रीतसर मागें घेतला असें झालें नाहीं; तो विरत गेला. वडिलांना गिरणीनें पुन्हां आंत घेतलें नाहीं. छत्र्या, स्टोव्ह आणि कुलपें यांवर त्यांनीं आम्हांस बी. ए. पर्यंत नेलें, पुढचें शिष्यवृत्तीवर झालें. यंत्रमानव आमच्या दहावीच्या वर्षीं ट्रंकेंत गेला. वडिलांना जाऊन आतां पंधरा वर्षें झालीं. वर्ड्‌स्वर्थ शिकवितांना बाल्य आणि स्मृति यांविषयीं आम्ही वर्गांत तास तास बोललों आहोंत. पण ती ट्रंक कांहीं उघडली नाहीं.

छंद परत आला तो गेल्या महिन्यांत, लोअर परळला. फिनिक्स मिलच्या जागेवर आतां जो मॉल आहे, तेथें आम्ही सौ. समवेत पिशव्या धरण्याच्या कामगिरीवर गेलों होतों. एका दुकानाच्या कांचेआड तोच यंत्रमानव उभा. खेळण्यांवरील आयातकर २०२० सालीं २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्यें ७० टक्के झाला, हें आम्हांस मागाहून कळलें. त्या क्षणीं फक्त किमतीची चिठ्ठी आणि सौ. च्या भुंवया दिसल्या. "घ्या," त्या म्हणाल्या, "नाही तर वर्षभर त्याचंच नाव काढाल."

नव्या संचाला सरस लागत नाहीं. १९९० सालीं सुरू झालेल्या 'हाय ग्रेड' मालिकेंतला तो. भाग निरनिराळ्या रंगांच्या प्लास्टिकांतच ओतलेले, आणि एकमेकांत दाबले कीं टक् करून बसणारे. चुकलें तर काढावें, पुन्हां बसवावें. इतकी क्षमाशील वस्तु आमच्या लहानपणीं घरांत एकहि नव्हती. पहिल्या रात्रीं आम्ही वाचण्याचा चष्मा लावून बसलों. बोटें थोडी थरथरत होतीं. तरी कातर हातीं येतांच, कांहीं विचार सुचण्याच्या आंत, आम्हीं भाग लांबून कापला, ज्वारीएवढा देंठ राखला आणि दुसरा हात कानशीसाठीं पुढें केला. कानस तेथें कोठून असणार? ती ट्रंकेंत होती.

तिच्या शेजारींच, वर्तमानपत्रांत गुंडाळलेला, तो होता. प्लास्टिक म्हाताऱ्याच्या दातांसारखें पिवळें पडलें होतें. सांधे मात्र कोठेंहि उकललेले नव्हते, आणि डावा कोपर वळला. छत्रीच्या काडीवरचा आमचा पांढरा रंग बराचसा गळाला होता. उरलेला पापुद्र्यांनीं चिकटून होता. सौ. नीं निरखून पाहिलें. "नव्या संचांत जादा भाग उरतात ना?" त्या म्हणाल्या. "त्यांतली खुंटी बसवा की. हे किती वाईट दिसतंय." सूचना व्यवहाराची होती, आणि आम्हीं होकारार्थी मान हलविली.

त्या निजल्यावर आम्हीं कानस घेतली आणि काडीच्या दोन्ही टोकांवरचा उरलेला रंग घासून काढला. घाईनें घासला तर प्लास्टिकवर ओरखडे पडतात, म्हणून बराच वेळ लागला. खालीं थोडा गंज निघाला. त्यावर शिवणयंत्राचें तेल थेंबभर सोडलें आणि हात पांचसहा वेळां वळवून पाहिला. त्यानंतर नव्या यंत्रमानवाकडे वळावयाचें होतें. त्याचा डावा पाय अद्यापि चौकटींतच आहे, आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठाहि जेथल्या तेथें आहे.