एक घर पुढे

आजोबांचा पट कापडी होता. घडी करून तो कोनाड्यात पंचांगाखाली ठेवलेला असे. ते देशी पद्धतीनं खेळायचे. त्यांच्या डावात राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायची मुभा होती, पण प्यादं मात्र पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. शाळेत कळलं, की प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं. घरी येऊन मी ते मोठ्या ऐटीत सांगितलं. आजोबा म्हणाले, "एवढी कसली घाई आहे त्याला?"

घाई मलाच होती. आठवीच्या मे महिन्यात मामांकडे सांगलीला गेलो आणि तिथल्या स्पर्धेत नाव घातलं. बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं हे गाव. बुद्धिबळ इथं कैऱ्यांसारखं उन्हाळ्यातच पिकायचं. पांढऱ्या मोहऱ्या आल्या की मी बरा खेळायचो. काळ्या आल्या की पोटात गोळा यायचा. हरलो की ओपनिंग बदलायचो. सोमवारी सिसिलियन, मंगळवारी स्कॅन्डिनेव्हियन आणि बुधवारी कुणीतरी चहाच्या टपरीवर शिकवलेला सापळा. सापळा चालला की दहा चालींत जिंकायचो, ओळखला गेला की पुढं काय करायचं ते ठाऊक नसायचं.

स्पर्धा बघायला रोज एक पेन्शनर यायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "दर पावसाळ्यात नवं घर बांधतोस होय रे? एकात राहून बघ की जरा." आणि त्यांनी फ्रेंच बचाव मांडला. पांढऱ्याचं राजापुढचं प्यादं दोन घरं येतं, आपलं एकच घर जातं. मला एकदम कापडी पट आठवला.

हे नाव पडलं ते १८३४ साली सुरू झालेल्या लंडन-पॅरिस सामन्यावरून. दोन शहरांतले खेळाडू पत्रांतून खेळत होते आणि पॅरिसवाल्यांनी काळ्याकडून हेच उत्तर दिलं. पुढं बॉटविनिक, कोर्चनॉय यांनी ते वापरलं. पूर्व जर्मनीच्या वोल्फगांग उलमाननं तर राजाच्या प्याद्याला जवळजवळ जन्मभर हेच उत्तर दिलं.

पण खेळायला लागलो आणि जीव घुसमटला. पांढरा प्यादं पुढं रेटून मधली कोंडी करतो. आपला वजिराशेजारचा उंट आपल्याच प्याद्यांमागं अडकतो. मी तक्रार केली, तर नाना म्हणाले, "उंटाला कशाला बोल लावतोस? दार तूच लावलंस, पहिल्याच चालीला."

मग हळूहळू उमगलं, की या ओपनिंगमध्ये पाठांतरानं फार दूर जाता येत नाही. प्यादी एकमेकांत अडकली, की योजना शोधावीच लागते. प्याद्यांच्या साखळीच्या टोकाला डोकं आपटायचं नाही, तिच्या बुडावर घाव घालायचा, हे बुद्धिबळातला जुना उस्ताद निमझोविच याचं म्हणणं. म्हणून उंटापुढचं प्यादं दोन घरं जातं, घोडा बाहेर येतो, वजीर बाजूला येतो आणि तिघंही पांढऱ्याच्या वजिरापुढच्या प्याद्यावर नजर रोखून बसतात.

ते प्यादं मी एकदा हावरटासारखं खाल्लं. प्याद्यांची मारामारी झाली, घोड्यानं प्यादं घेतलं, घोड्याला घोड्यानं मारलं, त्याला माझ्या वजिरानं. पांढऱ्याचा उंट बाजूला सरकला, माझ्या राजाला शह बसला आणि त्याच्यामागून त्याच्या वजिराची नजर माझ्या वजिरावर पडली. वजीर गेला. नानांनी मोहऱ्या परत मांडल्या आणि माझा तो कोंडलेला उंट एक घर तिरका पुढं सरकवला. बस्स. आता शहाची वाट बंद, आता प्यादं खरंच मरणार. ज्याला मी दोन महिने शिव्या घालत होतो, त्याच्या एका घराच्या चालीवर सगळं अडलं होतं.

पुढं नोकरी लागली, बदल्या झाल्या, ओपनिंग तीच राहिली. कंपन्यांच्या स्पर्धांत, रेल्वेतल्या चुंबकी पटावर, लग्नघरातल्या जेवणावळीनंतरही. हरलो भरपूर, पण कुठं हरलो ते कळायचं, कारण जागा ओळखीची होती. हल्ली संगणक पहिल्या चालीपासूनच पांढऱ्याला थोडं झुकतं माप देतो. असेल. तेवढं आम्ही आधीपासूनच सोसत आलोय.

गेल्या दिवाळीच्या सुटीत एका स्पर्धेत समोर अकरा वर्षांचा मुलगा आला. त्यानं तेच प्यादं सोडून दिलं आणि उगीच छताकडं बघू लागला. मी उंट एक घर सरकवला. त्यानं दोन्ही हातांनी गाल धरले. डाव पुढं तीन तास चालला आणि बरोबरीत सुटला. मोहऱ्या गोळा करताना पाहिलं, राजापुढचं ते प्यादं पहिल्या चालीला ठेवलं होतं त्याच घरात उभं होतं.